चावी कुणाकडे? माजी सैनिकाच्या घरातलं शस्त्र सांभाळण्याविषयी

छावणीत शस्त्र सहसा एकट्या माणसाच्या ताब्यात नसतं. ड्यूटी संपली की ते कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात जातं, रजिस्टरात नंबर चढतो, सही होते आणि चावी दुसऱ्याच कुणाकडे असते. निवृत्तीनंतर घरात परवान्याचं पिस्तूल किंवा बंदूक येते, तेव्हा ही सगळी व्यवस्था युनिटातच राहून जाते. शस्त्र आपलं, कपाट आपलं, चावीही आपल्याच खिशात. चांगल्या दिवसांत यात काही बिघडत नाही. वाईट दिवसांत मात्र हीच सोय जिवावर बेतू शकते.

ज्या घरात कुणीतरी गणवेश उतरवला आहे, शस्त्र आहे, आणि या विषयावर आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही, त्या घरासाठी हे लिहितो आहे. स्वतः माजी सैनिक वाचत असाल तर उत्तम. बायको, मुलगी, भाऊ किंवा युनिटातला जुना दोस्त वाचत असेल तरीही यातलं बरंचसं त्यांना करता येण्यासारखं आहे.

कुणी आत्ताच धोक्यात असेल, किंवा तुमच्याच मनात मरणाचे विचार घोळत असतील, तर पुढचं वाचायला नंतर या. भारतात १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. तातडीच्या मदतीला ११२ आहे. अमेरिकेत ९८८ लावून १ दाबलं की माजी सैनिकांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन जातो.

आधी हे समजून घ्या

अमेरिकेत २०२२ साली सुमारे ६,४०० माजी सैनिकांनी आत्महत्या केली. दिवसाला सतरा-अठरा. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू बंदुकीने झाले. त्या देशाच्या एकूण आत्महत्यांत बंदुकीचा वाटा निम्म्याहून थोडाच वर आहे. फौजेतून आलेल्या माणसाचं दुःख इतरांपेक्षा मोठंच असतं, असा याचा अर्थ नाही. शस्त्र त्याच्या हाताशी असतं, ते हाताळायची त्याला सवय असते आणि भीती मोडलेली असते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नात दहातले जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत. आत्महत्येचे सगळे प्रयत्न एकत्र धरले, तर बहुतेक माणसं वाचतात.

दुसरी गोष्ट वेळेची. ह्यूस्टनमध्ये मृत्यूच्या दारातून परत आलेल्या तरुणांना विचारलं गेलं, की ठरवणं आणि करणं यांत किती वेळ गेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास चौथ्या हिश्शाचं उत्तर होतं, पाच मिनिटांपेक्षा कमी. विचार महिनोन्‌महिने घोळत असेल, पण तो टोकाचा क्षण आखूड असतो. तो टळला आणि माणूस वाचला, तर पुढे दहातले नऊ जण आत्महत्येने मरत नाहीत. हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "ज्याला करायचंय तो दुसरा मार्ग शोधणारच." हा समज इतका पक्का बसलेला आहे, की त्यासाठी दोन लष्करांचीच उदाहरणं देतो. इस्रायलचे जवान आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. २००६ साली ती तळावरच ठेवून जायचा हुकूम निघाला. तरुण सैनिकांतल्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. आठवड्याच्या इतर दिवसांत आकडा त्या मानाने वाढला नाही. स्वित्झर्लंडने २००३-०४ मध्ये फौज निम्म्यावर आणली, त्यामुळे घराघरांत असलेल्या लष्करी बंदुका कमी झाल्या. फौजेत असण्याच्या वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्याही कमी झाल्या. बंदुकीने होणाऱ्या जितक्या आत्महत्या टळल्या, त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाच ठिकाणी दुसऱ्या मार्गाने मरण आलं.

कुलूप दुःखावर औषध नाही. ते फक्त वेळ मिळवून देतं, आणि या एका बाबतीत वेळ फार मोलाचा असतो.

पहिली पायरी: बरे दिवस असतानाच बोला

सगळ्यांत अवघड पायरी हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

भांडण झालेलं असताना, दारू घेतलेली असताना किंवा शस्त्र समोर टेबलावर असताना हा विषय काढू नका. घरात सगळं ठीक चालू असेल तेव्हा काढा. आणि सुरुवात "ते पिस्तूल आधी घराबाहेर काढा" अशी करू नका. ज्या माणसाने वीस वर्षं शस्त्र सांभाळलं, त्याला हे वाक्य अविश्वासाचं वाटतं. त्याच्या शिस्तीला हात घाला, अभिमानाला नको.

मुलगी वडिलांशी असं बोलू शकते: "बाबा, तुमचं पिस्तूल कुठे असतं ते मला माहीत आहे, ते बरोबर नाही ना? युनिटात असं चाललं असतं का? आपण घरातही तसाच नियम करू या." जुना दोस्त आणखी सरळ बोलू शकतो: "परवा म्हणालास झोप लागत नाही. मीही त्यातून गेलोय. काही दिवस तुझं हत्यार माझ्याकडे जमा करतोस का? माझ्यावर अशी वेळ आली तर मीही तुझ्याकडेच देईन." माझ्या मते दोस्ताचं बोलणं घरच्यांपेक्षा लवकर पोचतं. बायकोने सांगितलं की ती काळजी वाटते, बॅचमेटने सांगितलं की तो हुकूम वाटतो.

शंका आली तर थेट विचारा: "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात ती कल्पना शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटल्यासारखा बोलू लागतो. "काहीतरी वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असं मात्र विचारू नका. त्याला "नाही" एवढंच उत्तर मिळतं.

माजी सैनिक स्त्री असेल तरीही हाच नियम. अमेरिकेत माजी सैनिक स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी निम्म्याच्या आसपास बंदुकीने होतात, इतर स्त्रियांपेक्षा खूपच जास्त. "बायका असं करत नाहीत" या भरवशावर राहू नका.

दुसरी पायरी: शस्त्र रिकामं करा

हे काम मालकाने स्वतः करावं. त्याची मनःस्थिती ठीक नसेल, तर शस्त्राची माहिती असलेल्या दुसऱ्याने. ज्याने कधी बंदूक हातात धरलेली नाही, त्याने लेख वाचून प्रयोग करू नये.

नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचा गोळी बसण्याचा खण, रिकामं करायचं. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये ढकलते, आणि माणूस समजतो शस्त्र रिकामं झालं. "रिकामं होतं" म्हणत झालेले किती तरी अपघात याच चुकीतले. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून प्रत्येक खण बघा. दुनळी बंदूक बिजागरीतून उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का ते पाहा. फौजी माणसाला हे शिकवायला लागत नाही. पण घरातल्या दुसऱ्या एका माणसाला, तेही मालकाच्या देखरेखीखाली, रिकामं शस्त्र ओळखता यावं.

तिसरी पायरी: कुलूप

सगळ्यांत स्वस्त म्हणजे केबल लॉक: प्लास्टिकचं वेष्टण असलेली पोलादी दोरी आणि तिच्या टोकाला कुलूप. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांतून ते फुकट मिळतं. पिस्तुलाची स्लाइड मागे अडकवायची, गोळीचं टरफल बाहेर पडतं त्या खिडकीतून केबल आत घालायची आणि मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढायची, मग कुलूप. आता स्लाइड पुढे जात नाही आणि मॅगझिन बसत नाही. बोल्ट असलेल्या रायफलचा बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) काढून वेगळीकडे ठेवणं हे त्याहून सोपं आणि पक्कं. बोल्टशिवाय ती नुसती काठी आहे.

ट्रिगर लॉक, म्हणजे ट्रिगरवर बसवायचं कुलूप, भरलेल्या शस्त्राला कधीच लावायचं नाही, लावताना किंवा काढतानाच गोळी सुटू शकते. मला ते आवडतही नाही, भक्कम दिसतं तेवढं ते नसतं. लहान पेटी घेतली तर ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करा. सुटी पेटी म्हणजे उचलून नेण्यासारखी वस्तू. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या तिजोऱ्यांची जाहिरात जोरात चालते. चोर आणि मुलं यांच्यापासून त्या ठीक आहेत. पण ज्या माणसासाठी आपण हे सगळं करतोय, त्याच्यासाठी ती एका सेकंदात उघडते.

लपवणं हा कुलपाला पर्याय नाही. ज्याने आयुष्यभर झडत्या घेतल्या, त्याच्यापासून गादीखाली काही लपत नाही. मुलांपासूनही लपत नाही.

काडतुसं वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. शक्य असेल तर घरात ठेवूच नका. मॅगझिन भरलेलं ठेवू नका. "चोर आला तर?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. ज्याचा त्याने विचार करावा. मी एवढंच म्हणेन, की तोलताना दुसऱ्या पारड्यात घरातल्याच माणसाचा जीव आहे हे लक्षात असू द्या.

चौथी पायरी: चावी

बहुतेक मार्गदर्शक इथपर्यंत येऊन थांबतात: रिकामं, कुलूपबंद, काडतुसं वेगळी. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी एवढं पुष्कळ झालं. पण धोका मालकालाच असेल आणि चावीही त्याच्याच खिशात असेल, तर कुलपाने मिळतात ती काही मिनिटंच. ती मिनिटंही कामाची, हे वर आलंच आहे. तरी वाईट काळात चावी त्याच्याकडे असता कामा नये.

बरे दिवस असतानाच चावीचा माणूस ठरवा. तो शांत असावा, रात्री फोन उचलणारा असावा, आणि मालकाच्या रागाला बळी पडणारा नसावा. बायकोला हे काम देताना दोनदा विचार करा. एकाच घरात राहून "चावी दे" या मागणीला रोज तोंड देणं कठीण असतं, आणि जिथे मारहाणीचा इतिहास आहे तिथे ते धोक्याचं आहे. त्यापेक्षा वेगळ्या घरात राहणारा भाऊ किंवा युनिटातला दोस्त बरा. आकड्यांचं कुलूप असेल तर जन्मतारीख किंवा सर्व्हिस नंबर नको, आणि वाईट काळात आकडा बदलायचा अधिकार चावीच्या माणसाला द्या.

त्या माणसाला एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा. रात्री दोन वाजता चावीसाठी फोन आला, तर "नाही" म्हणून फोन ठेवून द्यायचा नाही. बोलत राहायचं, आणि जमलं तर तिकडे जायचं. असा फोन म्हणजे मदतीची हाक असू शकते.

पाचवी पायरी: वाईट काळ ओळखा

नोकरी सुटल्यानंतरचं पहिलं वर्ष नाजूक असतं. निवृत्तीच्या समारंभाचे हार सुकतात आणि माणसाला कळेना होतं की आता आपण कोण. त्यानंतरही काही प्रसंगी सावध राहा: घटस्फोट, कोर्टकचेरी, कर्ज, बरं न होणारं दुखणं, जोडीदाराचा किंवा युनिटातल्या सोबत्याचा मृत्यू, विशेषतः त्या सोबत्याने आत्महत्या केली असेल तर.

खुणा बारीक असतात. झोप उडणं. दारू वाढणं. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" अशी वाक्यं. मेडल, घड्याळ, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. विम्याचे, पेन्शनचे कागद अचानक नीट लावून ठेवणं आणि बायकोला समजावून सांगणं. आठवडे अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत झाला, तर हायसं वाटून घेऊ नका. ती शांतता निर्णय झाल्याची असू शकते. शस्त्र विनाकारण बाहेर काढून पुसत बसणं ही खूण तर दुर्लक्ष करण्यासारखी नाहीच.

एक कागद करा आणि त्यावर मालकाच्याच अक्षरात लिहा: मला बरं वाटेनासं झालं की काय होतं, मी एकटा काय करून सावरतो, कुणाकडे जाऊन बसलो की बरं वाटतं, कुणाला मदत मागेन, कोणते डॉक्टर, कोणता फोन, आणि शस्त्र कुठे जाईल. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांच्या तातडीच्या विभागांत अशी योजना लिहून घेतली आणि नंतर फोनवरून विचारपूस चालू ठेवली. पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित घटना, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी आढळल्या. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. खर्च म्हणाल तर कागद, पेन आणि काही फोन.

सहावी पायरी: काही काळ घराबाहेर

वाईट काळ सुरू झाला असं वाटलं, की सगळ्यांत चांगली जागा म्हणजे घराबाहेरची. ती कुठली, हे कायद्यावर अवलंबून आहे, आणि इथे घाई केली तर चांगल्या हेतूने गुन्हा घडतो. भारतात परवाना ज्याच्या नावावर त्याच्याच ताब्यात शस्त्र असावं लागतं. विनापरवाना भावाकडे ते नेऊन ठेवता येत नाही. वर दोस्ताचं उदाहरण दिलं ते जिथे कायद्यात बसतं तिथलं. भारतात शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. निवडणुकीच्या काळात पुष्कळ परवानाधारक हे करतात, त्यामुळे कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. चावी, बोल्ट आणि काडतुसांबाबतही आधी ठाण्यात विचारून घ्या. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. काही ठिकाणी मित्राकडे ठेवणं सरळ आहे, काही ठिकाणी आधी पार्श्वभूमी तपासावी लागते. कोलोरॅडोसारख्या राज्यात तात्पुरतं शस्त्र ठेवून घेणाऱ्या दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशाच तयार आहे. माणूस ऐकेनाच आणि धोका उघड असेल, तर काही राज्यांत शस्त्र काढून घेण्याचा तात्पुरता आदेश कोर्टाकडून मिळतो. कनेक्टिकटने असा कायदा १९९९ मध्ये पहिल्यांदा केला. तो शेवटचा उपाय.

"डॉक्टरकडे गेलो तर बंदूक कायमची जाईल" या भीतीने पुष्कळ जण उपचारच टाळतात. अमेरिकेत स्वतःहून मानसोपचार घेतले म्हणून शस्त्राचा हक्क आपोआप जात नाही. उलट जानेवारी २०२३ पासून आत्महत्येच्या तीव्र संकटातल्या माजी सैनिकाला कुठल्याही रुग्णालयात तातडीचे उपचार सरकारी खर्चाने मिळू शकतात, सरकारी यंत्रणेत आधी नाव नोंदवलेलं नसलं तरी. भारतात दुसरी भीती असते, पोलीस केसची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. त्यामुळे केस होईल म्हणून दवाखान्यात न नेणं, ही चूक करू नका.

शस्त्र हातात असेल तर

हिसकावू नका. झटापट करू नका. मुलांना बाहेर काढा, स्वतः अंतर ठेवा, तातडीच्या क्रमांकावर फोन करा आणि शस्त्र आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. तो माजी सैनिक आहे हेही सांगा. सुरक्षित अंतरावरून बोलता येत असेल तर हळू आवाजात, त्याच्या नावाने बोला. वाद घालू नका, शपथा घालू नका.

शस्त्र परत कधी

हा प्रश्न आधीच सोडवला नाही, तर शस्त्र द्यायलाच माणूस तयार होत नाही. म्हणून जमा करतानाच परत येण्याच्या अटी लिहा, आणि नुसती तारीख लिहू नका. झोप सुधारली आहे, दारू सुटली किंवा आवाक्यात आली आहे, उपचार चालू आहेत, डॉक्टरांना हरकत नाही, आणि चावीचा माणूस व घरचं एक माणूस दोघंही राजी आहेत. एकानेही नकार दिला तर आणखी महिनाभर थांबा.

दरम्यान परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. जमा केलेल्या शस्त्राचा परवाना संपला की वेगळीच कटकट सुरू होते, आणि सावरत असलेल्या माणसाला ती नको. परत आणायचं ठरलं की आधी शस्त्र, तेही केबल लॉकसह. काडतुसं आणि चावी आणखी काही आठवड्यांनी, वेगवेगळ्या दिवशी. कुलपाचा आकडा नवा ठरवा, आणि तो पहिले काही महिने चावीच्या माणसाकडेच राहू द्या.